कामातून मान वर निघत नाही, मग ऑनलाइन लिहायचं कधी? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आधी बरीच वर्षं वर्तमानपत्राच्या डेस्कवर होते. आता कोल्हापुरात राजारामपुरीतल्या एका खोलीत बसून डॉक्टर, वकील, सीए, फाउंड्रीवाले (धातूचं ओतकाम करणारे), गूळ व्यापारी, चप्पलवाले अशा लोकांना ऑनलाइन लिहायला-बोलायला मदत करते. फोनवर तेच तेच प्रश्न येतात. तेच तेच सांगून माझाही घसा बसला, म्हणून हे पान.

दिवसभर दवाखान्यातून बाहेर पडता येत नाही. कंटेंट करायचा कधी?

तुम्ही तो दिवसभर करतच असता, फक्त तो हवेत विरून जातो.

शाहूपुरीतल्या एका दातांच्या डॉक्टरबाईंना पहिल्या भेटीत मी एक दोनशे पानी वही दिली. रिसेप्शनवरच्या मुलीला सांगितलं, पेशंट जे विचारेल ते त्याच्याच शब्दांत लिहायचं, भाषा सुधारायची नाही. आठवड्याने वही उघडली. ‘रूट कॅनल करताना दुखतंय काय?’ अकरा वेळा. ‘दाढ काढली की नजर कमी होते म्हणत्यात, खरं हाय काय?’ सहा वेळा. ‘कॅप किती वर्षं टिकंल?’ चार. ‘दिवस गेल्यावर दात काढला तर चालतो काय?’ दोनदा, आणि दोन्ही वेळा विचारणारी सासू होती.

बाई हसल्या. म्हणाल्या, ‘अहो, ह्याची उत्तरं मी झोपेत देईन.’ म्हटलं, झोपेत नको, मोबाइलमध्ये द्या.

कामाच्या माणसाचा वेळ लिहिण्यात जात नाही, तो ‘आज काय टाकू’ ह्या विचारात जातो. रात्री दहाला दमून बसायचं, समोर कोरी स्क्रीन, शेवटी कुठलातरी सुविचार टाकून झोपायचं. वही असली की हा विचार संपतो. विषय गिऱ्हाइकाने दिलेला असतो, शीर्षक त्यानेच दिलेलं असतं आणि उत्तर तुम्हाला पाठ असतं. खाली जे काही सांगणार आहे ते सगळं वही आहे असं धरून.

वही नको, मोबाइलमध्येच लिहितो म्हणणारे भेटतात. लिहा की. पण काउंटरवर पडलेली वही कुणीही भरतं, तुमच्या खिशातला मोबाइल फक्त तुम्हीच भरणार.

आठवड्याला नेमका किती वेळ धरायचा?

दीड तास, तोही एका बैठकीत. रोज पंधरा मिनिटं काढीन असं म्हणणाऱ्यांपैकी महिनाभर टिकलेला माणूस मी अजून पाहिलेला नाही.

गुऱ्हाळाचं चुलवाण रोज अर्धा तास पेटवून कुणी गूळ केलाय का? एकदा पेटलं की आदणामागून आदण निघतं. बोलण्याचंही तसंच आहे. पहिलं उत्तर अडखळत येतं, दुसरं बरं येतं, तिसऱ्याला गाडी रुळावर येते. नेमकं तिथेच आपण उठून जातो आणि उद्या पुन्हा पहिल्यापासून अडखळतो.

म्हणून वहीतले चार प्रश्न निवडायला दहा-पंधरा मिनिटं, ते बोलून काढायला अर्धा तास, उरलेला वेळ साफसूफ करायला आणि वेळापत्रक लावायला. फेसबुक आणि इन्स्टाग्रामसाठी मेटा बिझनेस सूटमध्ये, यूट्यूबवर स्टुडिओमध्ये तारीख-वेळ आधी लावून ठेवता येते. एका बैठकीत आठवड्याचं काम उरकतं. सीए मंडळींनी तर जूनच्या आत तीन महिन्यांचा साठा करून ठेवावा. जुलैनंतर ते फोन उचलतील अशी अपेक्षा मीही धरत नाही.

मला मराठी टायपिंग येत नाही.

कुणाला येतं? बोला. अँड्रॉइड फोनच्या गुगल कीबोर्डमध्ये मराठी भाषा जोडली की माइकचं चिन्ह दाबून बोललेलं टाइप होतं. संगणकावर गुगल डॉक्समध्येही ही सोय आहे. माझे बरेच लोक सकाळी रंकाळ्याला फेरी मारताना हे काम करतात. फक्त तलावाकडून वारा सुटला की माइक फुर्रफुर्र करतो, त्या टप्प्यात गप्प चालावं.

स्वल्पविराम, पूर्णविराम नंतर हाताने टाकावे लागतात, आणि एकदा वाचल्याशिवाय काहीही पुढे पाठवायचं नाही. एका गूळ व्यापाऱ्याने ‘काकवी कशी टिकवायची’ ह्यावर छान आठ मिनिटं बोलून मजकूर थेट ग्रुपवर टाकला. फोनने सगळीकडे ‘का कवी’ लिहिलं होतं. ‘का कवी बाटलीत भरून थंड जागी ठेवावा.’ ग्रुपवरच्या एका हौशी कवीने दोन दिवस जेवण सोडल्याचं कळवलं.

डीटीपीवाल्याकडून टाइप करून आणलेला मजकूर वेबसाइटवर टाकला की चित्रविचित्र अक्षरं दिसतात. का?

कारण तो मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या फोन-संगणकांना कळणाऱ्या अक्षरांच्या सामायिक पद्धतीत नाही. छपाईसाठी वापरले जाणारे जुने फॉन्ट रोमन अक्षरांच्या जागेवर देवनागरी आकार बसवतात. संगणकाच्या लेखी ती रोमन अक्षरंच असतात, वर कपडे मराठीचे. तो फॉन्ट नसलेल्या फोनवर कपडे गळून पडतात आणि खालचा गोंधळ दिसतो. असा मजकूर गुगललाही सापडत नाही, म्हणजे तो असून नसल्यासारखाच.

कन्व्हर्टर मिळतात, त्यातून काढा. मग ‘दुसऱ्या’, ‘सूर्य’, ‘प्रश्न’ असे शब्द डोळे उघडे ठेवून तपासा, जोडाक्षरं तिथेच मोडतात. पुढच्या वेळी डीटीपीवाल्याला आधीच सांगा, युनिकोडमध्येच द्या.

अशीच गत चित्रात लिहिलेल्या मजकुराची. पत्ता, वेळ, दर सगळं सुंदर रंगीत पोस्टरवर, आणि खाली टाइप केलेली एक ओळ नाही. पोस्टर टाका, पण तीच माहिती खाली अक्षरांतही लिहा.

मराठीत लिहू की इंग्रजीत?

विचारणारा कोण आहे ते बघा. शिरोली किंवा गोकुळ शिरगाव एमआयडीसीतला फाउंड्रीवाला परदेशात कास्टिंग पाठवत असेल तर त्याची क्षमता, मशिनरी, तपासणीची पद्धत हे सगळं इंग्रजीतच हवं. त्याच फाउंड्रीला मोल्डर हवा असेल तर जाहिरात मराठीत. एकाच कंपनीच्या दोन भाषा, ह्यात काही विसंगती नाही. निपाणी-बेळगावकडून पेशंट येत असतील तर कन्नडमध्ये चार ओळी लिहून घ्या, लोक लक्षात ठेवतात.

मराठीत लिहिताना मात्र लोकांच्या तोंडातली मराठी. ‘दंतमूळ उपचार’ कुणी शोधत नाही, ‘रूट कॅनल’ शोधतात. ‘वस्तू व सेवा कर विवरणपत्र’ म्हणजे ‘जीएसटी रिटर्न’. डेस्कवर असताना पारिभाषिक शब्दांसाठी मी भांडायचे, आता गिऱ्हाइकाच्या वहीपुढे मान तुकवते.

कॅमेऱ्यासमोर पुणेरी बोलायला पाहिजे का? आमचं कोल्हापुरी कुणाला आवडेल?

हा प्रश्न बहुतेक वेळा बायका विचारतात आणि त्याला कारण आहे. आपल्याकडे बायकाही ‘मी येतो’, ‘मी जेवलो’ म्हणतात. पुण्या-मुंबईत चार वेळा कुणी हसलेलं असतं, ते मनात राहतं. मग कॅमेरा सुरू झाला की ‘मी आज आपणांस सांगू इच्छिते’ सुरू होतं आणि ऐकणाऱ्याला वाटतं, ह्या बाई कुणाचंतरी भाषण वाचून दाखवतायत.

माझं मत सरळ आहे. पेशंटशी, अशिलाशी जसं बोलता तसं बोला. आहारतज्ज्ञ असलेल्या माझ्या एका मैत्रिणीने तांबड्या-पांढऱ्या रश्श्यावर व्हिडिओ केला. पहिल्यांदा प्रमाण भाषेत केला, सहा वेळा अडकली. सातव्या वेळी चिडून म्हणाली, ‘आता मी माझ्या पद्धतीनं सांगतो, ठेवायचं तर ठेव.’ ठेवलं. ‘पांढरा पितोय म्हणून हलका समजू नका, त्यात खोबरं, खसखस, काजू काय काय घातलंय ते आठवा’ हे वाक्य ती ठरवून कधीच बोलली नसती.

लेखी मजकूर वेगळा. तिथे शुद्धलेखन सांभाळा. बोली बोलण्यात शोभते, मुद्दाम लिहिलेली बोली मात्र लगेच नाटकी होते. आणि प्रत्येक वाक्यात ‘नाद खुळा’ घालायची गरज नाही. तेवढं कोल्हापुरी आम्हीही बोलत नाही.

मी वकील आहे / सीए आहे / डॉक्टर आहे. मला हे करायला परवानगी तरी आहे का?

हा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न, आणि फार थोडे लोक आधी विचारतात. बाकीचे नोटीस आल्यावर विचारतात.

वकिलांसाठी बार कौन्सिल ऑफ इंडियाचा ३६ वा नियम आहे. त्याने प्रत्यक्ष-अप्रत्यक्ष जाहिरात करायला, काम मागायला मनाई आहे. २००८ मध्ये दुरुस्ती झाली आणि वेबसाइट ठेवायला परवानगी मिळाली, तीही ठरावीक माहितीपुरती: नाव, पत्ता, फोन, ईमेल, नोंदणीचा तपशील, शिक्षण आणि प्रॅक्टिसचं क्षेत्र. सीएंसाठी १९४९ च्या चार्टर्ड अकाउंटंट्स कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, पहिल्या भागात ६ आणि ७ ही कलमं आहेत. एक काम मागण्याबद्दल, दुसरं जाहिरातीबद्दल. डॉक्टरांना २००२ चे वैद्यकीय आचारसंहितेचे नियम लागू आहेत. दवाखाना सुरू केला, पत्ता बदलला, सुट्टीवर गेलो, परत आलो, फी इतकी आहे, असं औपचारिक निवेदन देता येतं. स्वतःची पाठ थोपटता येत नाही. शिवाय ओळख पटेल असा पेशंटचा फोटो किंवा केस परवानगीशिवाय छापता येत नाही. ‘आधी आणि नंतर’चे फोटो टाकणाऱ्यांनी हे वाक्य दोनदा वाचावं. ‘मधुमेह मुळापासून बरा’ किंवा ‘उंची वाढवा’ छापाचं काही लिहिलंत तर १९५४ चा औषधे आणि जादूटोणा उपाय आक्षेपार्ह जाहिराती कायदा लागतो, तो डॉक्टर नसलेल्यांनाही. शेअर बाजारावर बोलणाऱ्यांनी सेबीचे, म्हणजे बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या संस्थेचे नियम बघावेत. सल्ला द्यायचा तर नोंदणी लागते. नुसतं शिकवतो म्हणणाऱ्यालाही जानेवारी २०२५ च्या परिपत्रकानुसार गेल्या तीन महिन्यांतले भाव उदाहरणाला घेऊन एखाद्या शेअरची दिशा सांगता येत नाही.

मग उरतं काय? पुष्कळ. स्वतःबद्दल बोलायचं नाही, विषयाबद्दल बोलायचं. उदाहरण सांगते. १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच (फिरतं खंडपीठ) कोल्हापुरात सुरू झालं. त्या आठवड्यात ओळखीच्या एका वकिलांना प्रत्येक फोनवर एकच प्रश्न येत होता, ‘माझी मुंबईतली केस आता हिकडं येणार काय?’ त्यांनी आधी जे लिहून आणलं होतं त्यात गाऊनमधला फोटो होता आणि ‘उच्च न्यायालयातील सर्व प्रकारची कामे केली जातील’ अशी ओळ होती. दोन्ही खोडलं. त्याऐवजी बेंचखाली कोणते सहा जिल्हे येतात (कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग), आपल्या केसचा क्रमांक कुठे बघायचा, वकिलाला नेमकं काय विचारायचं एवढंच तीन मिनिटांत सांगितलं. शेवटी फोन नंबरही नाही. तो व्हिडिओ कणकवलीपर्यंत फिरला.

तरीही काही टाकण्याआधी आपापल्या परिषदेचे चालू नियम स्वतः वाचा. ते बदलत राहतात आणि उत्तर तुम्हालाच द्यावं लागतं, मला नाही.

एआयकडून लिहून घेतलं तर वेळ वाचेल ना?

लिहिणं सोडून बाकी सगळ्यात वाचेल.

गेल्या वर्षी एका चप्पल व्यावसायिकाच्या मुलाने एआयला सांगून पोस्ट बनवली. सुरुवात अशी: ‘कोल्हापुरी चप्पल हे केवळ पादत्राण नसून आपल्या समृद्ध वारशाचे प्रतीक आहे.’ पुढे सात ओळी ह्याच चालीवर. वर ‘फक्त कोल्हापूरला मिळालेले भौगोलिक मानांकन’ असा शोधही लावला होता. २०१९ चं ते मानांकन महाराष्ट्रातल्या चार आणि कर्नाटकातल्या चार जिल्ह्यांना मिळून आहे. अथणीच्या कारागिराने ते वाचलं असतं तर दोन शब्द ऐकवले असते आणि ते योग्यच झालं असतं.

मी त्या मुलाच्या वडलांना विचारलं, नवी चप्पल नेणारं गिऱ्हाईक काय विचारतं? हातातलं काम न थांबवता ते म्हणाले, ‘चावंल काय? चावणारच. पहिले चार दिवस तेल लावायचं, घरातल्या घरात घालायची. पावसात न्यायची न्हाई. भिजली तर सावलीत वाळवायची, उन्हात ठेवलं की कातडं कडक हुतंय.’ मोजून वीस सेकंद. पोस्ट तयार होती.

एआयला वारसा, समृद्धी, प्रतीक हे शब्द पाठ आहेत. चप्पल चावते हे त्याला माहीत असलं तरी ते आपणहून सांगत नाही. म्हणून उत्तर तुमचं, हमाली त्याची. बारा मिनिटांचं रेकॉर्डिंग कागदावर उतरवणं, त्यातले फाटे काढणं, चार शीर्षकं सुचवणं, इंग्रजी मसुदा करणं ह्या कामांना ते बरं आहे. आकडे, तारखा, कायद्याची कलमं आणि औषधाची मात्रा त्याच्या भरवशावर अजिबात सोडू नका. पेशंटचा रिपोर्ट किंवा अशिलाची कागदपत्रं त्यात टाकू नका. आणि यूट्यूबवर खरा वाटेल असा बनावट प्रसंग किंवा आवाज वापरला तर तसं जाहीर करावं लागतं, हे ध्यानात ठेवा.

एका उत्तरातून किती गोष्टी निघतात?

ऊस काय करतो? रस, रसाची काकवी, काकवीचा गूळ, आणि उरलेली चिपाडं वाळवून त्याच चुलवाणात जळणाला. वाया काही जात नाही.

उद्यमनगरातल्या एका पंप दुरुस्तीवाल्याचं सांगते. प्रश्न होता, ‘मोटर चालते, पण पाणी चढत नाही.’ त्यांनी पंप उघडून सहा मिनिटं दाखवलं: फूट व्हॉल्व्हमध्ये कचरा, सक्शनला हवा, इम्पेलर (पाणी ढकलणारं चाक) झिजलेला. तो लांब व्हिडिओ यूट्यूबवर. त्यात ०:०० पासून वेळा लिहून तीन भाग पाडले, म्हणजे शेतकऱ्याला हवा तोच भाग उघडता येतो. तीन कारणांचे तीन शॉर्ट्स, म्हणजे यूट्यूबवरचे छोटे व्हिडिओ. बोललेलं उतरवून वेबसाइटवर एक पान. झिजलेल्या इम्पेलरचा फोटो व्हॉट्सअॅप स्टेटसला. तोच फोटो छापून दुकानात लावला, आता नोकर बोट दाखवून समजावतो. एवढं सगळं एका पंपातून, आणि तो पंप तसाही दुरुस्त करायचाच होता.

शॉर्ट्स पूर्वी एका मिनिटाचे असायचे, ऑक्टोबर २०२४ पासून तीन मिनिटांपर्यंत चालतात. म्हणून तीन मिनिटं भरायचीच असं नाही.

कॅमेरा कोणता घ्यावा?

हातातला. बाबूराव पेंटरांनी शंभरएक वर्षांपूर्वी ह्याच गावात कॅमेरा स्वतः बनवला आणि १९२० मध्ये ‘सैरंध्री’ पडद्यावर आणला. आपल्याला तर तो खिशात तयार मिळालाय.

पैसे खर्चायचेच तर कॉलरला लावायच्या माइकवर खर्चा. चेहरा जरा अंधुक दिसला तर लोक चालवून घेतात, आवाज नीट नसेल तर पुढे सरकतात. खिडकी समोर घ्या, पाठीमागे नको. फोन विमान मोडवर टाका. फॅन बंद करा. शेजारी ग्राइंडर चालू असेल तर जेवणाच्या सुट्टीत करा.

सगळं व्हॉट्सअॅपवरच पाठवतो. पुरेसं नाही का?

स्टेटस चोवीस तासांत जातं. ब्रॉडकास्ट यादीत २५६ जण बसतात, आणि ज्याने तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यालाच मेसेज पोचतो. ग्रुपवर तुमचं उत्तर आणि शुभ सकाळचं गुलाबाचं फूल एकाच रांगेत उभं असतं. व्हॉट्सअॅप हा आठवडी बाजार आहे. जा, ओरडा, पण माल ठेवायला गावात दुकान हवं, म्हणजे स्वतःची साधी वेबसाइट, निदान यूट्यूब चॅनल आणि गुगलवरचं बिझनेस प्रोफाइल. उत्तर तिथे ठेवायचं, व्हॉट्सअॅपवर फक्त दुवा.

गुगल प्रोफाइलबद्दल एक गोष्ट कुणी सांगत नाही. इथे सगळ्यात जास्त वाचलं जाणारं वाक्य असतं ‘आज सुरू आहे का’. पावसाळ्यात पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी ३९ फुटांवर गेली की इशारा, ४३ वर धोका, आणि अख्खं गाव मोबाइलमध्ये तेच बघत असतं. २०१९ आणि २०२१ च्या पुरात शिरोलीजवळ महामार्गच बंद झाला. अशा दिवशी ‘दवाखाना सुरू आहे, गंगावेशकडून येऊ नका, डायलिसिसच्या पेशंटनी आधी फोन करा’ ह्या एका ओळीची सर तुमच्या वर्षभराच्या पोस्टना येणार नाही. असे तीन-चार मजकूर मे महिन्यातच लिहून ठेवा. पाणी दारात आल्यावर शब्द सुचत नाहीत.

एजन्सीला काम देऊन मोकळं व्हावं का?

संपादन, डिझाइन, वेळापत्रक द्या. उत्तरं देऊ नका, ती त्यांच्याकडे नसतात.

माझ्या एका ट्रॅक्टरवाल्या गिऱ्हाइकाने बाहेरगावच्या एजन्सीला सगळंच सोपवलं होतं. त्यांनी श्रावण अमावास्येला बैलपोळ्याच्या शुभेच्छा झळकवल्या. आमच्याकडे बैलांचा सण बेंदूर. ज्येष्ठात कर्नाटकी बेंदूर, आषाढात महाराष्ट्रीय बेंदूर, दोन्ही होऊन बैल पुन्हा कामाला लागले होते. शोरूममध्ये आलेला पहिला शेतकरी म्हणाला, ‘मालक, तुमचा बैल उशिरा उठतोय काय?’

आणि खाती तुमच्याच ईमेलवर, तुमच्याच नंबरवर काढा. एजन्सीला परवानगी द्या, मालकी देऊ नका. भांडण झाल्यावर स्वतःच्याच पेजचा पासवर्ड मागत फिरणारे लोक मी पाहिलेत.

सणाच्या शुभेच्छा टाकाव्यात का?

नको. फोटोसकट बॅनर चौकात लागलेला असतोच.

यूट्यूबचे पैसे कधी सुरू होतील?

जाहिरातींच्या वाट्यासाठी १,००० सबस्क्रायबर आणि वर्षभरात ४,००० तास पाहिलं जाणं, किंवा ९० दिवसांत शॉर्ट्सना १ कोटी व्ह्यूज लागतात. पण तुम्ही फाउंड्री चालवता. एक नीट ऑर्डर आली तर त्या रकमेला तुम्ही हसाल. तास मोजण्यापेक्षा फोनवर ‘तुमचा व्हिडिओ बघून फोन केला’ कितीजण म्हणतात ते त्याच वहीच्या मागच्या पानावर लिहा.

गुगलवरून फोटो घेतला तर चालतो का?

नाही. तिथे तो सापडतो, तिथला नसतो. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार फोटोचा हक्क प्रसिद्धीनंतर साठ वर्षं राहतो. आणि तुमच्या दवाखान्याच्या पोस्टवर निळ्या डोळ्यांचा डॉक्टर कशाला हवा?

सगळं पटलं, पण मला कॅमेऱ्यासमोर यायची लाज वाटते.

मग येऊ नका. हात दाखवा.

हुपरीत चांदीकाम करणारे एक काका आहेत. चेहरा दाखवायला साफ नकार, बोलायलाही नाखूश. मी म्हटलं, बोलू नका, काम करा. त्यांच्या नातीने कामाच्या पाटाच्या वर, डोक्याच्या उंचीवर फोन बांधला. पैंजणाच्या कड्या एकमेकींत अडकत जातात, काका फुंकणीने झाळ देतात, घुंगरू लागतात, आणि शेवटी ते पैंजण उचलून एकदाच हलवतात. छम्. तेवढाच आवाज. खाली नातीने लिहिलं, ‘काळं पडलं तर काय करायचं ते पुढच्या वेळी आजोबा दाखवतील.’

पुढच्या सोमवारी नात सांगत होती, काका सकाळी स्वतःच फोन बांधून बसले होते.